जुने गिऱ्हाईक कुठे जाते?

"मास्तर, जुनं गिऱ्हाईक कुठं जातंय? ते आपलंच हाय. नव्याला बोलवावं लागतं."

हे वाक्य मी बारामतीच्या पेठेत इतक्यांदा ऐकले आहे की, एखाद्या दुकानदाराने ते रंगवून पाटीवर लावले तरी मला नवल वाटायचे नाही. कापडवाला हे म्हणतो, भुसारवाला म्हणतो, आणि सायकलदुरुस्तीपासून वाढत वाढत मोटारसायकलींच्या एजन्सीपर्यंत पोचलेला आमचा एक वर्गबंधूही हेच म्हणतो. म्हणताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर समाधान असते. जणू जुने गिऱ्हाईक म्हणजे दारचे लिंबाचे झाड. पाणी घाला न घाला, ते उभेच राहणार!

माझे म्हणणे असे की, व्यापारउदिमात याहून महाग पडणारे दुसरे वाक्य नाही. आता तुम्ही विचाराल, हा शाळामास्तर, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. याला व्यापारातले काय कळते? प्रश्न रास्त आहे. मी गल्ल्यामागे कधी बसलो नाही. पण फळीच्या अलीकडे, हातात पिशवी घेऊन उभा मात्र गेली पंचवीस वर्षे आहे, आणि व्यापाराची ती बाजू व्यापाऱ्याला कधीच दिसत नाही. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला न सारता, चकली मोडता मोडताच हे गाऱ्हाणे ऐका. कारण ते बहुतेक तुमचेच आहे.

दिवाळीचा मुहूर्त मी मुद्दाम धरला. सरकारी वर्ष एप्रिलात सुरू होत असेल, पण आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला अजून वही पुजली जाते. हिशेब संगणकात गेला तरी कोऱ्या वहीवर स्वस्तिक निघते, हळदकुंकू पडते, पेढे वाटले जातात. त्या वहीत कुणाची नावे असतात हे कधी पाहिले आहे? ज्याची बाकी थकली आहे त्याचे पान असते. त्याचे गाव, त्याचा भाऊ, त्याच्या उसाचे बिल कधी निघणार, सगळे शेठजींना तोंडपाठ. तो दुकानात आला की त्याला चहा मिळतो, कारण तो दुखावला तर पैसे बुडतील. आणि जो वर्षानुवर्षे रोख मोजून देतो, त्याचे पानच नाही! त्याचे नाव कुठेच नोंदलेले नाही. सरळ वागण्याचे हे बक्षीस. वहीत यायचे असेल तर आधी पैसे थकवावेत, असाच याचा अर्थ होतो की नाही?

दुकानात लक्ष वेधून घेणाऱ्या माणसांचे प्रकार मला इतक्या वर्षांत चांगले पाठ झाले आहेत. एक थकबाकीदार, तो सांगितलाच. दुसरा आरडाओरड करणारा. साखर पन्नास ग्रॅम कमी भरली की रस्त्यावरच्या माणसांना गोळा करतो, मग त्याला साखरही मिळते आणि वर गूळही मिळतो. तिसरा पुढारी किंवा पुढाऱ्याचा मेव्हणा. हा गाडीतून उतरतसुद्धा नाही, माल त्याच्याकडे चालत जातो. चौथा अगदी नवा, ज्याला अजून भुरळ घालायची आहे. या चौघांची सरबराई होईपर्यंत पाचवा माणूस कडेला उभा असतो. तो खाकरतसुद्धा नाही. गर्दी ओसरली की "झालं का तुमचं?" असे अदबीने विचारतो, सामान घेतो, पैसे देतो, निघतो. दुकान त्याच्यावर चालते. दिव्याचे बिल, नोकरांचे पगार आणि जागेचे भाडे त्याच्या पिशवीतून निघते, आणि त्याच्याकडेच पाहायला कुणाला सवड नसते.

आमच्या पेठेतल्या एका कापडाच्या दुकानाचे सांगतो; नाव सांगत नाही, कारण मालक सज्जन आहेत. तिथे बैठक होती. पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसायचे, पाणी यायचे, मग लुगड्यांच्या घड्या उलगडायच्या. इंदापूरच्या बाजूच्या कोरडवाहू गावांतून बायका लग्नाचा बस्ता बांधायला यायच्या. आजेसासूचा बस्ता तिथलाच, सासूचा तिथलाच, सुनेचाही तिथलाच. पाचसहा वर्षांपूर्वी दुकान नवे झाले. काचेचे दार आले, गार हवा आली, गुळगुळीत फरशी आली, दारात टोपीवाला पहारेकरी आला. उद्घाटनाला नव्या गिऱ्हाइकांसाठी सोडत ठेवली होती, पहिले बक्षीस स्कूटर. सगळे छान झाले. फक्त धुळीने भरलेल्या पायांच्या त्या बायका काचेपाशी येऊन थबकू लागल्या. आत जावे की न जावे? चपला काढाव्यात की घालूनच जावे? विचारायचे कुणाला? कुणी त्यांना हाकलले नाही; तसे झाले असते तर निदान भांडण तरी झाले असते. त्या नुसत्या पुढच्या दुकानात गेल्या, जिथे अजून बैठक होती. मालकांना हे कळायला दोन लग्नसराया जाव्या लागल्या. तोवर ते मला सांगत होते, "यंदा पाऊस कमी, लग्नंच कमी झाली." पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता!

व्यापाऱ्याचा हाच घात होतो. मुकाट गिऱ्हाईक जाते तेव्हा जाण्याचे कारण मागे ठेवून जात नाही, आणि मग व्यापारी स्वतःला सोयीचे कारण शोधून काढतो. पाऊस, मंदी, मोबाईलवरून मागवला जाणारा माल, सरकारचे कर. यांतले एखादे खरेही असते. पण आपल्या दारातली फरशी कुणालाच दिसत नाही.

याहून बोलके उदाहरण उसाच्या फडातले आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्याकडे ऊस उभा राहिला, आणि सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर अशी एकेका साखर कारखान्याची नावे त्या पाण्याच्या वाटेवर उमटली. दसरा झाला की बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उघड्या माळावर कोप्या पडतात, आणि मार्चएप्रिलपर्यंत, पट्टा पडेपर्यंत, हजारो माणसांचा संसार त्या कोप्यांत चालतो. या संसाराला पीठमीठ लागते. बाजरी, तेल, चहाची पुडी, मिसरी, काडेपेटी. खरेदी थोडीथोडी, पण रोजची. उसाची वाढे विकून आलेले चार पैसे संध्याकाळी दुकानात जातात. हिशेब चोख असतो, कारण परक्या मुलखात उधारी कोण देणार? आणि टोळी एकदा ज्या दुकानाला लागली त्याच दुकानाला पुढल्या हंगामात येते. मुकादम बदलतो, दुकान बदलत नाही. सहा महिने बांधलेले, रोखीचे, तक्रार न करणारे असे गिऱ्हाईक कुठल्या पेढीला मिळेल सांगा.

कारखान्याच्या वाटेवरच्या एका दुकानात अशाच एका टोळीचा सात-आठ हंगामांचा राबता होता. एका वर्षी दुकानदाराने जुनी, किडीने पोखरलेली ज्वारी त्यांच्या पिशव्यांत घातली. "तोडकरी आहेत, त्यांना काय कळतंय!" बायकांनी ती ज्वारी पाखडली, निवडली, दळली आणि खाल्ली. एक शब्द बोलल्या नाहीत. हंगाम संपला, राम राम करून गेल्या. पुढच्या वर्षी टोळी त्याच माळावर उतरली आणि रोज संध्याकाळी त्या दुकानावरून पुढे चालत जाऊन अर्ध्या कोसावरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून आल्यावर अर्धा कोस जास्त! त्या टोळीतली एक मुलगी त्या वर्षी आमच्या शाळेत काही महिने बसत होती, म्हणून मला हे कळले. दुकानदाराला अजून कळलेले नाही. टोळीने धान्य गावाकडूनच आणले असेल, अशी त्याची समजूत आहे.

"पण मास्तर, तोंड आहे ना त्यांना? बोलायला काय झालं होतं?" असा प्रश्न येतो, आणि तो विचारणारा स्वतःला मोठा न्यायी समजतो. वास्तविक न बोलण्याची कारणे इतकी उघड आहेत की ती समजावून सांगण्याचीच लाज वाटावी. परगावचा मजूर बोलला तर त्याला दुसऱ्या दिवशी तेल मिळेल का? लहान गावात दुकानदार हा सोयरा असतो, शेजारी असतो, सोसायटीच्या निवडणुकीत आपल्याच बाजूचा असतो. त्याच्या मापाला बोट लावणे म्हणजे नात्याला बोट लावणे. बाईमाणूस बोलले तर "फार चुरूचुरू बोलते" हा शेरा ठरलेला. म्हातारा बोलला तर तो चिडखोर. आणि कित्येक जण केवळ चांगुलपणाने बोलत नाहीत. दुकानदार दमला आहे, त्याचा मुलगा आजारी आहे, एखाद्या वेळी होते असे, म्हणून सोडून देतात. हे सोडून देणे म्हणजे दुकानदाराला दिलेले बिनव्याजी कर्ज आहे. तो ते घेतो आणि जमेच्या बाजूला लिहायला विसरतो.

शाळेत पाहा. वर्गात गोंगाट करणारी चार मुले आणि पहिल्या बाकावरची चार हुशार मुले, एवढ्यांची नावे पहिल्या आठवड्यात पाठ होतात. मधल्या बाकांवरची तीसपस्तीस मुले वेळेवर येतात, गृहपाठ आणतात, खिडकीतून बाहेर बघत नाहीत. त्यातले एखादे मूल एके दिवशी येईनासे होते. चांगला मास्तर हजेरीपटावरची ती पहिलीच रिकामी चौकट पाहून घरी निरोप धाडतो. महिनाभर थांबून नाव कमी करत नाही. दुकानाला हजेरीपट नसतो, एवढाच फरक. आणि तो ठेवायला कुणी अडवलेले नाही.

कायद्याने काय केले म्हणाल, तर पुष्कळ केले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहकाला हक्क असतात ही गोष्टच लोकांना नवी होती. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, पुढे त्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. आता आपल्या जिल्ह्यातून, घरबसल्यासुद्धा तक्रार दाखल करता येते. या सगळ्यांचे ऋण मी मानतो. पण कायदा तक्रारीपासून सुरू होतो. ज्याने अर्ज केला त्याच्यासाठी आयोग आहे. ज्याने किडकी ज्वारी निवडून खाल्ली तिच्यासाठी काय आहे? मला अधिक मोलाची वाटते ती मुंबई ग्राहक पंचायतीची १९७५ पासूनची रीत. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र भरायची, माल एकत्र आणून वाटून घ्यायचा. तिथे मुकाट बाईलाही आवाज चढवावा लागत नाही. तिच्या यादीतून एखादी वस्तू गळली की खरेदी करणाऱ्याला ती दिसते. दुकानदारांनी ही युक्ती ग्राहकांकडून शिकायला हरकत नव्हती.

हल्ली मोबाईलवर तारे मागण्याची नवी पद्धत निघाली आहे. माल घरी आला की विचारतात, पाचपैकी किती तारे देता? तारे देतो कोण? एक तर संतापलेला, नाहीतर फार खूष झालेला. ज्याचे बरे चालले आहे किंवा ज्याने मनातल्या मनात दार लावून घेतले आहे, तो तारेही देत नाही. मग तारे मोजणारा समजतो, आभाळ निरभ्र आहे.

हा रोग फक्त पेठेचा नाही. मोठमोठ्या संस्थांना तो जडलेला आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या दारावरून जाते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या खेड्याने तिच्यावर जेवढी माया केली तेवढी दुसऱ्या कुठल्या सरकारी वस्तूवर केली नसेल. मुक्कामाची गाडी रात्री गावात येणार, पहाटे दुधाच्या किटल्या, शाळेची पोरे आणि कोर्टाच्या तारखेची माणसे घेऊन निघणार. कोरोनाच्या आधी रोज साठ लाखांहून अधिक माणसे या गाड्यांतून जात होती. साठ लाख! यातल्या किती जणांनी तक्रारवही मागितली असेल? ती प्रत्येक गाडीत असते असे म्हणतात. खिडकीची काच नाही, बसायला जागा नाही, गाडी दोन तास उशिरा. प्रवासी उपरण्याने तोंड पुसतो आणि चढतो.

आणि या माणसाची किंमत काय झाली? दिवाळी आली की लेकीबाळी माहेरी निघतात, नोकरदार घरी निघतात, भाऊबिजेला भाऊ निघतो. वर्षातल्या सर्वांत निष्ठेच्या त्या पंधरवड्यात हंगामी म्हणून भाडे वाढवण्याचा प्रघात पडला. २०२३ च्या दिवाळीत दहा टक्के जास्त मोजावे लागले. पुढच्या वर्षी जाहीर झालेली तशी वाढ मागे घेतली गेली, हे बरे झाले. पण मुळात ती सुचते कशी? खासगी गाडीवाले तर दुप्पट घेतात, हे उत्तर मला मान्य नाही. खासगी गाडीवाल्यावर गावाने माया केलेली नव्हती.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांचे दुःख खरे होते. त्यांच्या पगाराकडे पाहिले की ते कुणालाही कळेल. पण त्या सहा महिन्यांत दोन्ही बाजूंच्या वाटाघाटीत प्रवाशाची खुर्ची कुठे होती? त्याने मोर्चा काढला नाही म्हणून त्याला कुणी विचारले नाही. तो वडापमध्ये बसायला शिकला. जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत गेला. कुणी हप्त्याने मोटारसायकल घेतली. संप मिटला, गाड्या पुन्हा निघाल्या, पण हप्ता भरलेली मोटारसायकल विकून कुणी परत येतो काय? पुढे मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे झाले आणि गाड्या पुन्हा भरू लागल्या. त्या बायकांनी काही दगडफेक केली नव्हती. त्यांच्या पदराच्या गाठीचा विचार कुणीतरी केला, एवढ्यानेच त्या परत आल्या.

हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या विषयावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याला हा विचार सुचला तो आफ्रिकेतल्या नायजेरियाची रेल्वे पाहून. रेल्वे रडतखडत चालली होती, मालट्रक तिचा धंदा पळवत होते, तरी रेल्वे सुधारायचे नाव घेत नव्हती. लोकांना वाटायचे, स्पर्धा आली की सुधारणा होईल. हर्शमनच्या ध्यानात आले ते उलटेच. ज्या गिऱ्हाइकांनी भांडून रेल्वेला वळण लावले असते, तीच ट्रककडे निघून गेली होती. मागे राहिली ती सोसणारी. सोसणाऱ्यांचा आवाज वर पोचत नाही आणि सरकारी तिजोरी तूट भरून काढते, मग सुधारायचे कशाला? ट्रकच्या जागी वडाप घाला, आणि मला सांगा, हे पुस्तक इंदापूरच्या स्टँडवर बसून लिहिले असते तर काय वेगळे झाले असते?

आता जरा खिशातल्या यंत्राकडे वळू. माझ्याकडे एका कंपनीचे कार्ड पंधरा वर्षे आहे. नंबर बदलला नाही, एकदाही पैसे भरायला उशीर केला नाही. माझ्या पुतण्याने त्याच कंपनीचे नवे कार्ड घेतले, तर त्याला पहिले तीन महिने निम्म्या दरात! मी दुकानात विचारले तर तिथला पोरगा हसून म्हणाला, "सर, तुम्ही दुसरीकडं जा, मग महिन्याभरानं परत या, तुम्हाला पण मिळेल." म्हणजे निष्ठा सोडल्याशिवाय निष्ठेची किंमत मिळत नाही! लग्नाच्या बायकोला लुगडे हवे असेल तर तिने आधी माहेरी निघून जावे, अशातला हा न्याय झाला.

हे नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. विलायतेत घराच्या आणि मोटारीच्या विम्याचे हेच झाले होते. विमा उतरवताना दर कमी, आणि जो दरवर्षी मुकाट्याने नूतनीकरण करील त्याचा हप्ता हळूहळू चढता. जितका जुना, जितका विश्वासू, तितका दंड अधिक. शेवटी तिथल्या वित्तीय आचार प्राधिकरणाने नियम केला की, जुन्या गिऱ्हाइकाला नूतनीकरणाच्या वेळी नव्याहून जास्त दर लावता येणार नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो अमलात आणला. गंमत अशी की, त्याच १ जानेवारी २०२२ पासून आपल्या महाराष्ट्रात किराणा मालाच्या वितरकांनी एका बड्या टूथपेस्ट कंपनीच्या मालाचा पुरवठा रोखला होता. त्यांचे गाऱ्हाणे काय? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुमचा माल खेडोपाडी पोचवला, आणि आता मोठ्या घाऊक साखळ्यांना आणि मोबाईलवरून विकणाऱ्यांना तोच माल तुम्ही आमच्याहून स्वस्त देता.

हे मी आमच्या भुसारवाल्या शेठजींना वाचून दाखवले. ते चवताळून उठले. "बरोबर हाय त्यांचं! आम्ही काय मेलो का? तीस वर्षं ह्याच कंपनीचा माल मांडला फळीवर!" मी म्हटले, "शेठजी, तुम्ही कंपनीचं जुनं गिऱ्हाईक. कंपनी म्हणते, जुनं गिऱ्हाईक कुठं जातंय?" शेठजी माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी पोऱ्याला चहा सांगितला. पंचवीस वर्षांतला त्या दुकानातला माझा हा पहिला चहा.

कुणी म्हणेल, हे सगळे दोष दाखवणे झाले. कुणी नीट करून दाखवले आहे काय? दाखवले आहे, आणि ते आपल्याच मुलखात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपवायला त्यांना दोनेक वर्षे झगडावे लागले. शेतकरी तर मुलखाचा अबोल. नांगर न पटला तर तो पत्र लिहीत नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतो आणि जुना लाकडी बाहेर काढतो. १९१० साली औंधच्या संस्थानात माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, धंदा वाढला, गिऱ्हाईक खानदेशापासून कर्नाटकापर्यंत पसरले. तेव्हा १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी काय केले? गिऱ्हाइकांसाठी एक मासिक काढले, 'किर्लोस्कर खबर'. कारखान्याची हकीकत गिऱ्हाइकाच्या घरी जायची आणि त्याच्याशी बोलणे चालू राहायचे. ज्याने नांगर घेऊन पैसे मोजले होते, ज्याच्याकडून आता काही येणे नव्हते, त्याच्याशीही.

त्या बोलण्यातून पुढे काय उभे राहिले हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. 'खबर'चे 'किर्लोस्कर' झाले, १९३० साली 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर' आले, आणि मराठी मध्यम वर्गाची एक अख्खी पिढी त्या पानांवर वाढली. नांगर विकत घेणाऱ्या माणसाच्या घरात कोण कोण आहे, त्याची बायको काय वाचते, त्याच्या मुलाला काय हवे आहे, एवढे कुतूहल एका कारखानदाराला वाटले, त्यातून हे झाले. आज जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाचा दहावा हिस्सासुद्धा त्याला लागला नसेल, अशी माझी समजूत आहे. मासिक काढणे प्रत्येक दुकानदाराला जमणार नाही, हे कबूल. पण कुतूहलाला छापखाना लागत नाही.

तेव्हा बारामतीच्या, इंदापूरच्या आणि जिथे जिथे हा अंक जाईल तिथल्या व्यापारी मंडळींना माझे सांगणे एवढेच आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजण्याआधी जुनी वही, किंवा जुना संगणक, घटकाभर उघडा. थकबाकीची पाने उलटून टाका, ती तुम्हाला पाठच आहेत. गेल्या दिवाळीला ज्यांनी सामान भरले आणि या दिवाळीला जे फिरकले नाहीत, अशांची नावे एका कागदावर काढा. नावे आठवत नसतील तर चेहरे आठवा, गावे आठवा. निमगावची ती म्हातारी, भिगवणचा तो मास्तर, बैलगाडीतून येणारी ती टोळी. मग गुमास्त्याला पाठवू नका, स्वतः जा. माल घेऊन जाऊ नका, सवलतीचा कागद तर मुळीच नको. ओट्यावर बसा आणि विचारा, "आमचं काय चुकलं?" पहिल्यांदा ते "छे छे, काही नाही" म्हणतील. तेव्हा उठू नका. दुसऱ्यांदा विचारा. ज्वारीची गोष्ट दुसऱ्या विचारण्याला बाहेर येते.

ज्यांची नावे दोन्ही वर्षी आहेत त्यांच्यासाठी तर इतकेही लागत नाही. गर्दीत कडेला उभ्या असलेल्या माणसाला "या, तुमचं आधी घेतो" म्हणा. नव्याला जो भाव देता तो जुन्याला न मागता द्या. त्याने पैसे चुकून जास्त दिले तर त्याच्या मागे धावा.

आणि संपादकमहाशय, तुम्हीही यातून सुटत नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून हा आपला सणाचा धंदा वर्गणीदारांच्या जिवावर चालला आहे. चार जण पत्र लिहून अंकाची स्तुती करतात, दोघे शिव्या घालतात, आणि तुम्ही त्या सहा जणांकडे बघून पुढचा अंक आखता. बाकीचे वाचतात आणि अंक शेजारी देतात. आमच्या वाचनालयात तुमच्या मागच्या अंकाची पाने कोपरे दुमडून मऊ झाली आहेत. त्या दुमडणाऱ्यांपैकी एकानेही तुम्हाला पत्र लिहिलेले नाही. यंदा ज्यांची वर्गणी आली नाही त्यांची यादी तुमच्या कचेरीत कुठेतरी असेलच. अंक बाजारात गेला, तुमची झोप झाली, की ती काढा, आणि पाडव्याच्या आत त्या प्रत्येकाला एकेक कार्ड टाका. हाताने लिहिलेले असावे, छापील नको.